गोंदियाला उतरा! उतराच!

ऐका ना! हातातलं काम ठेवा. गॅसवर दूध असेल तर बंद करून या. आलात? बसा. नाहीतर राहू दे, उभ्याच राहा, मलाही बसवत नाहीये!

मी गोंदिया जिल्ह्यात जाऊन आले. भर थंडीत. तलाव बघायला!

हो, हो, तेच गोंदिया! मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस जिथे जाऊन थांबते ते. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस अख्खा महाराष्ट्र पालथा घालून जिथे जाऊन थांबते ते! जन्मभर कल्याण स्टेशनवर ‘गोंदिया, गोंदिया’ अशी घोषणा ऐकत आले आणि एकदासुद्धा डोक्यात आलं नाही की बाई गं, एवढ्या लांब जाऊन ही गाडी थांबते तर तिथे काहीतरी असेलच ना! आहे! पाणी आहे! जिकडे बघाल तिकडे पाणी! विदर्भात! आमच्या डोंबिवलीत विदर्भ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊन, कापूस आणि संत्री येतात, माझ्याही यायची, आणि इथे गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरच्या खिडकीत बसले तर एक तलाव गेला, मग धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मग जंगलाचा तुकडा, आणि मग पुन्हा तलाव, आणि मग आणखी एक, त्यात कमळाची पानं, आणि मग एक एवढुसा, त्याला तिथे बोडी म्हणतात, आणि मी शेजारच्या बाईंना प्रत्येक वेळी विचारतेय, ‘हा कुठला? हा कुठला?’ आणि त्या बिचाऱ्या शेवटी म्हणाल्या, ‘तलाव होय जी, गावोगावी राहते.’

गावोगावी! पूर्व विदर्भात असे जुने तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत! साडेसहा हजार! आमच्याकडे एक तलाव असला तर त्याच्याभोवती जॉगिंग ट्रॅक करतात आणि नगरसेवकाचा बोर्ड लावतात!

एक आधीच सांगून टाकते. मला पक्ष्यांतलं काहीही कळत नाही. कावळा, चिमणी, कबूतर आणि ‘तो बघ कसलातरी पक्षी’ अशा चार जाती मी ओळखते. इतिहासातलं कळत नाही. शेतीतलं तर विचारूच नका. माझी मावसबहीण अर्जुनी मोरगावला दिलीय, ती कित्येक वर्षं ‘ये गं, थंडीत ये’ म्हणत होती आणि मी ‘बघू’ म्हणत होते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा मी जे सांगतेय ते जाणकाराचं नाही, येड लागलेल्या बाईचं आहे, असं समजून ऐका.

तर थंडी! गोंदियाचा पारा डिसेंबर-जानेवारीत सात-आठ अंशांवर उतरतो. विदर्भातली सगळ्यात थंड जागा म्हणून पेपरात याचं नाव छापून येतं, ते मी इतकी वर्षं वाचून पान उलटत होते. सात अंश म्हणजे काय ते पहाटे साडेपाचला भाऊजींच्या मोटारसायकलवर मागे बसल्यावर कळतं! नाक गेलं. कान गेले. बोटं आहेत की नाहीत, बघायला हातमोजे काढायची हिंमत नाही! आणि भाऊजी आरामात विचारतायत, ‘ताई, थंडी वाजून राहिली का?’ मी म्हटलं, नाही नाही! कारण समोर नवेगावबांधचा तलाव आला होता आणि मला बोलायला वेळ नव्हता!

अहो, केवढा! अकरा चौरस किलोमीटर! पलीकडचा काठ दिसेचना, त्यात पाण्यावरून धुकं वर चढत होतं, आणि सभोवती डोंगर, सात डोंगर, त्यांना सातबहिणी म्हणतात. आणि तिथे सूर्य आपल्या मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो! एकाच राज्यात! घड्याळ तेच, सूर्य आधी! मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं असेल, पण तेव्हा थंडी नव्हती, त्यामुळे आत शिरलं नाही.

आणि मग धुकं जरा विरळ झालं आणि पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं शेवाळाचे पुंजके असतील. आणि मग पुंजके हलले! आणि मग एक पुंजका उडाला! आणि मग शंभर उडाले! आणि मी किंचाळले आणि भाऊजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि तोवर उरलेलेही उडाले. एक गोल गिरकी घेऊन पुन्हा तिथेच येऊन बसले म्हणून बरं! पाण्यावर उतरताना दोन्ही पाय पुढे करून घसरत येतात! घसरत! एवढी हजारो मैल लांबून आलेली बदकं, आणि शेवटच्या दहा फुटांत घसरगुंडी खेळतात!

भाऊजींनी दुर्बीण दिली. आता इथे मला आवरा.

तलवार बदक! नराचं डोकं चॉकलेटी, मानेवरून एक पांढरी रेघ वर गेलेली आणि शेपटी लांब, टोकदार. थापट्या! त्याची चोच पुढे चपटी आणि रुंद आहे आणि ती पाण्यावर टेकवून तो सपासप गाळत गाळत चालतो, आणि चार-पाच थापटे एकत्र आले की गोल गोल फिरायला लागतात, म्हणजे खालचं पाणी ढवळून निघतं आणि प्रत्येकाला पुढच्याने ढवळलेलं खायला मिळतं! सहकारी संस्था! चक्रवाक! तो तर संस्कृत काव्यातच असतो असं मला वाटायचं, आणि हा इथे केशरी रंगाचा, खराखुरा, चिखलात उभा राहून नाक शिंकरल्याच्या आवाजात ओरडत होता! हळदी-कुंकू बदक! याच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके, हे नाव ज्या कोणी ठेवलं असेल त्या माणसाला मला भेटायचंय! हे बदक परगावचं नाही, इथलंच. आणि वारकरी! काळा कुळकुळीत पक्षी, कपाळ आणि चोच पांढरीफेक, आणि थव्याने चाललेले! दिंडीच! मी ‘माउली’ म्हणणार होते, पण भाऊजींनी आधीच एकदा तोंडावर बोट ठेवलं होतं.

टिबुकलीने तर मला पुरतं छळलं. ती बुडी मारते. मी म्हणते इथे वर येईल, ती तिथे येते. मी म्हणते तिथे येईल, ती येतच नाही! मला वाटलं गेली बुडून. आणि मग पाठीमागे! मी बराच वेळ नुसती टिबुकलीशी पैज लावत बसले आणि हरत बसले.

पण आता जे सांगणार आहे त्याने माझी झोप उडालीय. पट्टकादंब! हा हंस आहे. करडं अंग, पांढरं डोकं, आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे, कोणीतरी कंगव्याने आखून दिल्यासारखे नीट. हा तिबेट, मंगोलिया, लडाख अशा ठिकाणी उन्हाळ्यात पिल्लं काढतो आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून इकडे येतो. ओलांडून! वरून! हे हंस सात हजार मीटरांहून जास्त उंचीवर उडताना नोंदले गेलेत. तिथे हवा इतकी विरळ असते की आपण दोन पायऱ्या चढलो तरी बसकण मारू. याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की कमी हवेतूनही ते प्राणवायू खेचून घेतं. आणि एवढं सगळं करून तो कुठे येतो? स्वित्झर्लंडला? नाही! नवेगावबांधला! गवत खायला!

थांबा, अजून आहे! तिथून जवळच, इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७२ पासून! मला माहीत नव्हतं! तुम्हाला होतं? खरं सांगा! मे महिन्यात जिथे पंचेचाळीस अंशांचं ऊन असतं तिथे हे बर्फातले लोक पन्नास वर्षांहून जास्त काळ राहतायत, मठ आहे, रंगीत पताका वाऱ्यावर फडफडतायत, आणि पलीकडे लगेच धानाच्या बांध्या! हिवाळ्यात मात्र तिथली बरीच मंडळी गावात नसतात, शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात. आणि माझ्या अंगात कुठलं स्वेटर होतं? असंच, रस्त्याच्या कडेला एका तिबेटी बाईकडून घेतलेलं! म्हणजे तिबेटचे हंस थंडीत इथे येतात, आणि इथले तिबेटी थंडीत आमच्याकडे येतात! मी हे भाऊजींना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते म्हणाले, ‘समजलं ताई.’

बरं, हे तलाव आले कुठून? मला वाटलं निसर्ग! निसर्ग कसला, माणसांनी बांधलेत! हाताने! नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या शेतकऱ्याने बांधला. शेतकऱ्याने! ना धरण खातं, ना इंजिनिअर, ना टेंडर! कोहळी समाजाचे लोक तलाव बांधण्यात असे वाकबगार की गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन मिळायची, असं सांगतात. मग काय, बांधले त्यांनी! नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध, शिवाय लहानमोठे किती! कोलू पाटलाचा तर पुढे देव झाला, कोलासुर, आणि लोक त्याला अजून हात जोडतात. मला हे फार म्हणजे फार पटलं. तीनशे वर्षं पाणी पाजलं त्या माणसाने, देव नाही करायचा तर काय करायचं?

पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे तिथल्या जमीनदारांकडे होते. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणायला लागले, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘मामा तलाव’. सरकारी कागदांवरसुद्धा मामा! असो, मी वाहवत चालले.

मला खरं सांगायचंय ते हे की हा तलाव चालतो कसा! पावसाळ्यात भरतो. धान निसवायच्या वेळेला पाऊस हमखास दगा देतो, तेव्हा तलावाचं पाणी शेताला सोडायचं. पाणी सोडलं की तलाव उतरतो. उतरला की कडेचा चिखल उघडा पडतो. चिखलात किडे, गोगलगायी, गवताचं बी. तोवर इकडे धान कापून होतो, बांध्यांमध्ये दाणे सांडलेले असतात. आणि नेमकी तेव्हाच उत्तरेकडून बदकं येतात! नेमकी! म्हणजे शेतकऱ्याने त्याच्या धानासाठी केलेली व्यवस्था आणि आयतं ताट कोणाला, तर मंगोलियाच्या पाहुण्यांना! मी तलावाच्या बांधावर उभी राहून हे ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला की मी भाऊजींनाच टाळी दिली. त्यांनी संकोचून घेतली.

नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मला वाघ दिसला नाही. मी विचारलंही नाही! टिबुकलीतून वेळ कुठे होता? मारुती चितमपल्ली इथे कित्येक वर्षं वनाधिकारी होते. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ आमच्या बाबांच्या कपाटात होतं. पाठीवरचं नाव रोज दिसायचं. आता घरी आल्याबरोबर काढलंय आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरून वाचतेय.

आता खायचं बोलू. बोलायलाच हवं! सकाळी थंडीत तर्री-पोहे, तर्री इतकी लाल की चष्म्यावर वाफ आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. दुपारी लाखोळीची भाजी. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकून देतात, नांगरणी नाही, पाणी नाही, बांधीत राहिलेल्या ओलीवर ती येते, आणि तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी! आणि भात! चिन्नोरचा भात! भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. मिळायलाच हवं, कारण बहिणीच्या स्वयंपाकघरात तो शिजायला लागला तेव्हा मी अंगणात होते आणि मला अंगणात कळलं! रात्री मरळ. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, काटे कमी, चव अशी की समुद्राकाठच्या माणसाने गप्प बसावं. मी गप्प बसले. माझ्याकडून एवढं कौतुक पुरे!

आणि शिंगाडे! ओले! उकडलेले! आजवर शिंगाडा म्हणजे काय, तर उपासाचं पीठ. ते कुठून येतं असा प्रश्न मला चाळिशी उलटली तरी पडला नव्हता! तो पाण्यात लागतो! तलावात! वेलीवर! ढिवर, म्हणजे तिथले मासेमारी करणारे लोक, तलावात त्याची लागवड करतात आणि पाण्यात उतरून एकेक वेल उचलून खालची फळं तोडतात. त्या थंडीत! सात अंशांत! कमरेएवढ्या पाण्यात! आणि रस्त्याच्या कडेला ढीग लावून, मोठ्या भांड्यात उकडून विकतात. काळं कुळकुळीत फळ, त्याला खरोखरची दोन शिंगं, ते दातांनी फोडायचं की बोटांनी सोलायचं याचा वाद घालत मी केवढे तरी खाल्ले आणि माझी बोटं अशी काळी झाली की अजून पूर्ण गेलेली नाहीत. ही बघा!

शिंगाडे घेताना तिथले एक ढिवर काका बोलायला लागले आणि मी खालीच बसले. त्यांना प्रत्येक पाणवनस्पती ओळखता येते. हिच्यात अमुक मासा अंडी घालतो, ती तमुक पाखरू खातं, तिचा कंद आपण खातो! मला सगळं ‘शेवाळ’ दिसत होतं. ते म्हणाले, ‘तलाव म्हणजे नुसतं पानी नाही जी. पानी तं टाकीतबी राहते.’ मी हे लिहूनच घेतलं! मधल्या काळात पुष्कळ तलावांत बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली, गाळ भरला, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी गावठी मासा मागे पडला. मग भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांनाच पुढे करून काही तलावांत बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला आणि आपल्याकडच्या पाणवनस्पती परत लावल्या. तलावाचा तळ नांगरतात! शेतासारखा नांगरून त्यात पाण्यातलं गवत लावायचं! आणि मग मासे परत आले, आणि माशांमागून पाखरं. मला हे तिथे बसल्या जागी ऐकायला मिळालं, तेसुद्धा पावशेर शिंगाड्यांच्या भावात!

आता श्वास घ्या. मी घेते. कारण नाटकाचं राहिलंय!

संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून आलं. सूर्य आधी उगवतो तसा आधी मावळतोही. मी आपली शाल गुंडाळून शेकोटीपाशी बसले, मनात म्हटलं, खेडेगावची थंडीची रात्र, आठला सामसूम, नऊला झोप. आणि भाऊजी म्हणाले, ‘ताई, नाटक पाहाले चालता का जी?’

‘किती वाजता सुटेल?’

‘पहाटे.’

‘पहाटे?’

‘मंग! मधात उठून कुठं जाता? बाहेर थंडी आहे न.’

मला झाडीपट्टी रंगभूमी, म्हणजे इकडची ही रात्रभराची नाटकं, हे शब्द माहीत होते. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत असतात. ते एक मोटारसायकलवर मागे बसून गाठायचं ठिकाण असतं हे माहीत नव्हतं! गावाबाहेर मंडप. बाहेर चहा, भजी, पान, फुगे, मुरमुरे, जत्राच! आत माणसं, माणसं, माणसं! शाली, ब्लँकेटं, कानटोप्या, घोंगड्यात गुंडाळलेल्या आजी, त्यांच्या मांडीवर झोपलेली नातवंडं. खाली जमिनीवर बसा नाहीतर खुर्चीचं तिकीट काढा. मी जमिनीवर बसले, कारण तिथे ऊब होती. शेजारच्या आजींनी न विचारता त्यांच्या ब्लँकेटचं एक टोक माझ्या पायावर टाकलं!

आणि मग रात्री दहाच्या पुढे पडदा वर गेला, आणि मग ऑर्गन, आणि मग तबला, आणि मग चक्क ऑक्टोपॅड, आणि मग खलनायक आला आणि आजींनी त्याला मोठ्याने शिवी दिली, आणि मग नायिका रडली आणि मंडप रडला, आणि मग एकदम मध्येच झगमगीत कपड्यांत नाच, शिट्ट्या, आणि मग विनोदी पात्र आलं आणि त्याने झाडीबोलीत असं काही म्हटलं की हजार माणसं एकदम हसली आणि मलाही निम्मंच कळलं तरी हसू आवरेना, आणि मग पुन्हा मघाचीच रडारड जिथे थांबली होती तिथून सुरू! तीन अंक! खरे तीन अंक! पहाटेपर्यंत! आमच्याकडे दोन तासांच्या नाटकाला लोक पार्किंगच्या काळजीने शेवटचा प्रवेश सोडून उठतात!

हे काय एखाद्या रात्रीचं नाही! दिवाळी झाली की सुरू. आधी गावोगावच्या मंडया, भाऊबीजेपासून, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, दिवसा दंडार, म्हणजे तिथलं लोकनाट्य, आणि जत्रा. मग शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. आणि पटाला, मंडईला आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक. पार होळीच्या आसपासपर्यंत! या नाटकांचं माहेरघर वडसा, म्हणजे देसाईगंज, अर्जुनीहून थोड्याच अंतरावर. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर नटनट्यांचे मोठे मोठे फोटो, गावकरी येतात, फोटो बघतात, घासाघीस करतात, तारीख पक्की करून जातात. परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर पाच हजारांहून जास्त प्रयोग केले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाच हजार! थंडीत! रात्रभर जागून!

आणि नाटकाच्या दिवशी गावात काय चालतं माहितेय? प्रत्येक घरी पाहुणे. लेकी माहेरी येतात. घराघरांत मोठमोठी पातेली चढतात. आणि मुलंमुली दाखवायचे कार्यक्रम! आजींनी मला अंधारातच बोटाने दाखवलं, ती तिसऱ्या रांगेतली पिवळ्या शालीतली, तिचं जमून राहिलंय. म्हणजे रंगमंचावर एक नाटक आणि तिसऱ्या रांगेत दुसरं! मी दोन्ही बघत होते. दुसऱ्याचा शेवट मला कळला नाही, हे मनाला लागून राहिलंय.

आणि मग पहाटे तीनच्या सुमाराला, चहा पिताना, माझ्या गोठलेल्या डोक्यात लख्ख उजेड पडला! हे एवढं नाटक का? कारण धान निघालाय! धान निघाला की हातात पैसा आणि अंगाला सवड. धान कशावर? तलावावर! म्हणजे कोलू पाटलाने तीनशे वर्षांपूर्वी माती उपसली म्हणून आज इथे ऑक्टोपॅड वाजतोय! बदकं त्यामुळे, मरळ त्यामुळे, शिंगाडे त्यामुळे, आणि हा खलनायकसुद्धा त्यामुळेच! मी हे आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘तुमी चहा प्या बाई, थंड होते.’

निघायच्या दिवशी गोंदियाकडे येताना भाऊजींनी वाट वाकडी करून सारस दाखवले. सारस! माणसाएवढा उंच! राखाडी अंग, लाल मान, कापलेल्या बांधीत एक जोडी शांतपणे दाणे टिपत होती, आणि मग दोघांनी एकदम माना वर केल्या आणि तुतारी फुंकल्यासारखे एकमेकांच्या सुरात सूर मिळवून ओरडले! महाराष्ट्रात आता हे पन्नाससुद्धा उरलेले नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक या एकाच जिल्ह्यात. पावसाळ्यात घरटं बांधतात ते चक्क धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या कडेला, म्हणजे त्यांचं घर शेतकऱ्याच्या मर्जीवर. पुष्कळ शेतकरी तेवढा तुकडा न कापता सोडतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची स्वतःहून दखल घेतलीय, दर वर्षी त्यांची मोजणी होते. मी मोजले. दोन होते. पाखरांच्या मोजणीत माझं पहिलंवहिलं योगदान!

तर आता तुमचं काय? सबबी सांगू नका! थंडी म्हटलं की महाबळेश्वर आणि माथेरान करता ना, तिथे गाड्यांची रांग आणि स्ट्रॉबेरी क्रीम, अजून किती वर्षं? गाडी थेट आहे, बदलायची गरज नाही, झोप लागली तरी चुकत नाही, कारण गोंदियाच्या पुढे ती जातच नाही! दोन स्वेटर घ्या. कानटोपी घ्या, लाजू नका, तिथे सगळेच घालतात. दुर्बीण कोणाकडून तरी उसनी मागा. ब्लँकेट नको, आजी देतात.

मी तर कालच भाऊजींना फोन केला. म्हटलं, भाऊजी, आमची सगळी टोळी घेऊन येतेय, पुढच्या महिन्यात कुठल्या गावात कधी नाटक आहे ते जरा विचारून ठेवा. तर ते म्हणाले, ‘ताई, कोणत्या रात्री कुठंच नाही, ते विचारा न जी. ते सांगणं सोपं पडते.’